मधल्या फळीतला मुलगा आणि त्याची पारख

गोल मारणारा मुलगा ओळखावयास फारशी विद्वत्ता लागत नाही. बांधावर बसलेल्या आजोबांनाही तो दिसतो. गोलरक्षकाचेही तसेच, त्याने चेंडू अडविला की टाळी पडते, हातातून सुटला की हळहळ होते. खरी अडचण मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलाची आहे. ज्या दिवशी तो उत्तम खेळतो, त्या दिवशी प्रेक्षकांना एवढेच वाटते की आज आपला संघ बरा खेळला. त्याचे नाव कोणी घेत नाही. आणि नेमका असाच मुलगा चौदाव्या वर्षी 'अंगाने लहान आहे' एवढ्या शेऱ्यावर निवडचाचणीतून परत पाठविला जातो.

हा विषय व्याख्यानमालेत कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे कारण आमच्या दाराशीच आहे. तळेगावाहून इंद्रायणी ओलांडून आंबीकडे गेले की एका बाजूस भाताची खाचरे दिसतात आणि दुसरीकडे औद्योगिक वसाहतीचे कारखाने व महाविद्यालयांच्या इमारती. येथील मुले दिवाळीनंतर भात निघाले की कोरड्या खाचरात चेंडू खेळतात. ज्यांच्या पालकांना परवडते, ती तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जाळीबंद टर्फवर खेळतात. मग कोणीतरी सांगतो, मुलात गुण आहेत, याला अकादमीत घाला. फी मोठी असते आणि दहावी तोंडावर आलेली असते. बापाला एकच प्रश्न पडतो : हा शेरा कितपत खरा? मुलाच्या आयुष्यातील दोन-तीन वर्षे या उत्तरावर अवलंबून असतात. म्हणून पारख कशी होते आणि कोठे चुकते, हे आपण सर्वांनी थोडे समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

जुन्या मंडळींना 'मिडफिल्डर' हा शब्द परका वाटेल. त्यांच्या काळी पाच फॉरवर्ड, तीन हाफबॅक आणि दोन फुलबॅक अशी मांडणी असे. आजचा मिडफिल्डर म्हणजे तो हाफबॅक आणि त्याच्या पुढचा इनसाइड फॉरवर्ड यांचाच वारस. फोर्तुनातो फ्रँको हे नाव येथे घेतलेच पाहिजे. जन्म १९३७ साली गोव्यात, खेळ मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून, आणि जागा हाफबॅकची. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने दक्षिण कोरियास २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले, त्या संघात फ्रँको होते. त्या सामन्याची आठवण निघाली की गोल करणारे पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांची नावे चटकन ओठांवर येतात. फ्रँको यांचे नाव मागून येते, आणि तेही गोव्यात किंवा मुंबईत. हाफबॅकच्या वाट्याला हे असेच यावयाचे.

तर मग अशा मुलात पाहावयाचे काय? आमची पहिली सूचना अशी की दहा मिनिटे चेंडूकडे पाहूच नये. फक्त त्या एका मुलाकडे पाहावे. चेंडू त्याच्याकडे येण्यापूर्वी तो मान वळवून मागे, डावीकडे, उजवीकडे पाहतो का, हे मोजावे. मधल्या फळीतला खेळाडू चारही बाजूंनी वेढलेला असतो. बचावपटूला बहुतेक सारे मैदान समोर दिसते. याला अर्धे मैदान पाठीमागे असते. चेंडू पायाशी आल्यावर जो इकडेतिकडे पाहू लागतो, त्याला उशीर झालेला असतो. नॉर्वेचे अभ्यासक गाइर यॉर्डेट यांनी इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती घेऊन नेमके हेच मोजले. चेंडू मिळण्याआधी जे अधिक वेळा आजूबाजूस पाहतात, त्यांचे पास अधिक प्रमाणात साथीदारापर्यंत पोचतात, असे त्यांना आढळले. इंग्लंडचा फ्रँक लॅम्पार्ड किंवा स्पेनचा चावी यांच्या मानेची ही सततची हालचाल पाहण्यासारखी असे. यासाठी उंची लागत नाही, छाती लागत नाही, आणि हे पाहावयास कोणतेही यंत्र लागत नाही.

पाहणे झाले की उभे राहणे. चेंडू घेताना मुलगा देणाऱ्याकडे सरळ तोंड करून उभा राहतो, की अंग थोडे तिरके ठेवतो? तिरक्या अंगाने घेतलेला चेंडू एकाच स्पर्शात पुढे नेता येतो. सरळ घेतलेला बहुधा आला तिकडेच परत जातो. खाचरातल्या जमिनीवर, जेथे भाताची धसकटे अजून उभी आहेत आणि चेंडू कोठेही उडतो, तेथे पहिला स्पर्श ज्याला साधतो त्याचे कौतुक करावे, परंतु ज्याचा चुकतो त्याला लगेच बाद करू नये. जमिनीचा दोष जमिनीला द्यावा. टर्फचे उलट आहे. तेथे चेंडू गुळगुळीत धावतो, मैदान लहान, त्यामुळे मुलाच्या पायाला चेंडू पुष्कळ वेळा लागतो आणि चपळाई दिसते. पण चाळीस यार्डांवरचा साथीदार ओळखून त्याच्यापर्यंत चेंडू पोचविणे, हे तेथे कधी दिसतच नाही, कारण तेवढी जागाच नसते. केवळ टर्फवरचा खेळ पाहून दिलेला दाखला अर्धाच समजावा.

चेंडू हातचा गेल्यावर मुलगा काय करतो, हेही पाहावे. कंबरेवर हात ठेवून पंचाकडे पाहतो, की वळून धावतो? दमाची परीक्षा शिट्टी आणि घड्याळ घेऊन कोणालाही करता येते, आणि दम सरावाने वाढतो. त्याविषयी अधिक लिहीत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबात मुले निवडताना तंत्र, समज, स्वभाव आणि वेग अशा चार गोष्टी पाहण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. त्यांतील वेग सर्वांना दिसतो, तंत्र पुष्कळांना दिसते. समज आणि स्वभाव एका दुपारच्या चाचणीत दिसणे कठीण.

आता शरीराकडे वळू, कारण सर्वांत मोठी फसगत येथेच होते. वयोगट बहुधा १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला हे दोघे एकाच गटात येतात, पण त्यांच्यात जवळजवळ एक वर्षाचे अंतर असते. तेरा वर्षांच्या मुलाला एक वर्ष फार मोठे. जगात जेथे जेथे पाहणी झाली, तेथे बहुतेक ठिकाणी निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळली आहे. आपल्याकडे यात आणखी गंमत आहे. मागच्या पिढीत गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजी पुष्कळांची जन्मतारीख सरसकट १ जून टाकीत. त्या लोकांच्या गटाचा हिशेब ब्रह्मदेवही लावू शकला नसता. आता दाखले दवाखान्यातून येतात, म्हणून निदान महिना तरी खरा कळतो.

पण दाखल्यावरचे वय सारखे असूनही शरीराचे वय निराळे असते. मुलांची उंची झपाट्याने वाढते ती सरासरीने तेरा-चौदाव्या वर्षी. एखाद्याची बाराव्या वर्षीच, एखाद्याची सोळाव्या वर्षी. लवकर वाढलेला मुलगा धक्क्याने चेंडू मिळवितो, आणि आपण म्हणतो, काय खेळतो! त्याला मान वळवून पाहण्याची गरजच पडलेली नसते. चार वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे झाले म्हणजे त्याची पुंजी संपते. उलट उशिरा वाढणाऱ्या लहानग्याला धक्के चुकविण्यासाठी आधीच विचार करावा लागतो. म्हणजे मधल्या फळीला जे हवे तेच तो शिकत असतो, फक्त त्या वर्षी त्याचा संघ हरत असतो. उंची वाढण्याच्या ऐन काळात चांगल्या मुलाचेही पाय काही महिने अडखळतात. त्या महिन्यांत झालेली चाचणी तर त्याच्यावर अन्यायच करते. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी निराळे राष्ट्रीय संघ काढले, आणि इंग्लंडमध्ये काही सामने जन्मसालाऐवजी शारीरिक वाढ पाहून गट पाडून खेळविले गेले, ते यासाठीच.

क्रोएशियाचा लुका मॉड्रिच याला हायदुक स्प्लिट या क्लबाने लहानपणी किरकोळ देहयष्टीमुळे घेतले नाही. २०१८ साली त्याने आपला देश विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. त्याच अंतिम सामन्यात समोरच्या फ्रेंच संघात एन्गोलो कांते होता. त्यालाही मुलगा असताना असेच नाकारले होते, आणि तो तिसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेतून वर आला. ही उदाहरणे पालकांना फार आवडतात. तथापि येथे सावध केले पाहिजे. प्रत्येक लहानखुरा मुलगा मॉड्रिच नसतो. लहान राहिले आणि मागेही राहिले, अशांची नावे कोणी छापीत नाही.

शिवाय नजर चुकते ती केवळ लहान अंगामुळेच असे नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सनसिंग या मिडफिल्डरने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. विश्वचषक स्पर्धेतील तो भारताचा पहिला गोल. हा मुलगा चांगला उंच. तरी आरंभीच्या निवडीत तो नव्हता; मिनर्व्हा अकादमीचा संघ राष्ट्रीय संघाशी सरावाचा सामना खेळला, तेव्हा तो नजरेत भरला. तो सामना झाला नसता तर? त्याच संघात आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीतून पुढे आलेला. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे सामने पाहावयास शाहू स्टेडियमवर हजारो डोळे असतात. तेथे मुलगा अनेकदा पाहिला जातो. मावळात तसे डोळे नाहीत. येथे एका दिवसाची चाचणी हाच पुष्कळदा सारा न्याय होऊन बसतो.

म्हणून आंबीच्या बापाने अकादमीवाल्यास काही प्रश्न सरळ विचारावेत. माझ्या मुलाला किती वेळा पाहिलेत? पावसात, जेव्हा मैदानाचा चिखल होतो आणि चपळ मुलेही जड दिसतात, तेव्हा पाहिलेत की फक्त जानेवारीच्या कोरड्या दिवसांत? त्याचा जन्ममहिना आणि सहा महिन्यांतील उंचीची वाढ तुमच्या वहीत लिहिली आहे का? त्याला एखादी गोष्ट शिकवून तीन महिन्यांनी ती आली का, हे तपासलेत का? उत्तरे नुसती मान हलवून मिळाली तर पैसे खिशातच ठेवावेत आणि मुलाला गावातच, जमल्यास त्याच्याहून मोठ्या मुलांत, खेळू द्यावे. दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलीने त्याची उंची दर तीन महिन्यांनी टिपावी. ती वाढ मंदावेपर्यंत पक्का निकाल कोणालाच देता येत नाही. आणि तोवर बहुतेकांची दहावीची परीक्षाही होऊन गेलेली असते.