सिंड्रेलाचा झगा निळा नव्हता

२०१३च्या मे महिन्यात डिस्ने कंपनीने ‘ब्रेव्ह’ या चित्रपटातल्या मेरिडाला आपल्या अधिकृत राजकन्यांच्या यादीत घेतलं आणि त्या निमित्ताने तिचं नवं चित्र प्रसिद्ध केलं. पडद्यावरची मेरिडा म्हणजे लाल कुरळ्या केसांचं जंजाळ, गोल चेहरा आणि धनुष्यबाण घेऊन रान तुडवायची हौस. नव्या चित्रात तिची कंबर बारीक झाली होती, झगा खांद्यांवरून खाली सरकला होता आणि धनुष्य गायब होतं. मेरिडा ज्यांच्या कल्पनेतून जन्मली त्या दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. दोन लाखांहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून ते चित्र हटलं.

मोठेपणी राजकन्यांच्या बाहुल्या जमवणाऱ्यांना ही तक्रार फार जुन्या ओळखीची. पडद्यावरची राजकन्या एक आणि दुकानातली दुसरी, हे त्यांनी कित्येकदा पाहिलेलं असतं. १९५०च्या चित्रपटात सिंड्रेला राजवाड्यात जाते ती रुपेरी-पांढऱ्या झग्यात. दुकानांतल्या बहुतेक सिंड्रेला मात्र आकाशी निळ्या. तिचे किंचित तांबूस केसही बाहुलीच्या डोक्यावर येता येता पिवळेधमक होतात. १९५९च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’मध्ये तर ऑरोराचा झगा गुलाबी की निळा, यावरून दोन पऱ्यांची शेवटपर्यंत भांडणं चालतात, बाजाराने तो वाद परस्पर गुलाबीच्या बाजूने मिटवून टाकला. म्हणून जाणता संग्राहक बाहुली हातात घेतली की आधी मूळ चित्रपटातलं दृश्य आठवतो आणि झग्याचा रंग, बाहीचा फुगा, भुवईचा कोन त्याच्याशी ताडून पाहतो. या छंदाचा खरा जीव या ताडून पाहण्यात आहे. लहान मुलीला बाहुली खेळायला हवी असते. मोठ्या माणसाला ती खरी उतरलेली हवी असते.

अर्थात तडजोड पहिल्या राजकन्येपासूनच सुरू झाली. ‘स्नो व्हाइट’ हा चित्रपट डिसेंबर १९३७मध्ये पडद्यावर आला आणि सोबतच त्याच्या बाहुल्याही बाजारात आल्या. न्यूयॉर्कच्या आयडियल कंपनीकडे तेव्हा बालतारका शर्ली टेंपलच्या तुफान खपणाऱ्या बाहुलीचे साचे तयारच होते. तोच साचा वापरून वर काळ्या केसांचा टोप चढवला की झाली स्नो व्हाइट! या बाहुल्या लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याच्या. आज त्यांच्या गालांवर बारीक भेगांची जाळी पडलेली दिसते, पण जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना अजून मान आहे.

न्यूयॉर्कमध्येच बिएट्रिस अलेक्झांडर या बाईंनी १९२३ साली आपली कंपनी काढली आणि ‘मादाम अलेक्झांडर’ हे नाव घराघरांत नेलं. त्यांचे सावत्र वडील बाहुल्यांचं इस्पितळ चालवत. फुटलेल्या चिनीमातीच्या बाहुल्या तिथे दुरुस्तीला यायच्या. बाहुली मुलीच्या हातून फुटली की घरात काय आकांत होतो, हे लहानपणापासून पाहिलेल्या या बाईंनी पुढे टणक प्लास्टिकच्या, उत्तम शिवलेल्या कपड्यांतल्या बाहुल्या केल्या. त्यांच्या सिंड्रेलाच्या झग्याची शिलाई आजही बारकाईने पाहण्यासारखी आहे.

मोठ्यांचा बाजार म्हणून कंपन्यांनी याकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली ती १९८८नंतर. त्या वर्षी मॅटेलने नाताळची खास बार्बी काढली, तांबड्या भरजरी झग्यातली. ती हातोहात गेली. नव्वदच्या दशकात मग खास संग्राहकांसाठीच्या बाहुल्यांची रीघ लागली आणि पुढे भाव चढेल या आशेने लोकांनी त्या खोक्यासकट कपाटात कोंबल्या. इतक्या लोकांनी इतक्या बाहुल्या जपल्या की त्यांतल्या बऱ्याच आज किरकोळ किमतीला मिळतात. पैसे गुंतवायचे म्हणून या वाटेला कुणी जाऊ नये, हे यावरून उघड आहे.

राजकन्यांचा आजचा एकत्र दरबार मात्र २०००च्या सुमाराचा. डिस्नेत नव्यानेच आलेले अँडी मूनी बर्फावरच्या स्केटिंगच्या एका कार्यक्रमाला गेले असताना त्यांना रांगेत घरी शिवलेले राजकन्यांचे कपडे घालून आलेल्या मुली दिसल्या. वेगवेगळ्या कथांतल्या नायिका ‘डिस्ने प्रिन्सेस’ या एकाच नावाखाली विकायची कल्पना तिथून निघाली. २००१मधली तीस कोटी डॉलरची विक्री २००६पर्यंत तीनशे कोटींवर गेली. आज अधिकृत यादीत तेरा जणी आहेत आणि ‘फ्रोझन’च्या एल्सा-अॅना त्यात नाहीत, ही गोष्ट नवख्याला नेहमी चकवते.

या बाहुल्या बनवण्याचा परवाना २०१६मध्ये मॅटेलकडून हॅस्ब्रोकडे गेला आणि २०२३मध्ये परत मॅटेलकडे आला. दर वेळी साचे बदलले, चेहरे बदलले. त्यामुळे कोणत्या काळातली बेल किंवा एरियल पडद्यावरच्या मूळ रूपाशी जास्त जुळते, यावर संग्राहकांत खडाजंगी चालू असते. याखेरीज डिस्नेच्या स्वतःच्या दुकानांतून सतरा इंची मर्यादित आवृत्त्या निघतात, काही हजारच नगांच्या, प्रमाणपत्रासह. या सगळ्यांमागे गिऱ्हाईक कोण? अमेरिकेतल्या खेळण्यांच्या बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्या सर्काना कंपनीच्या आकड्यांनुसार २०२४च्या पहिल्या तिमाहीत प्रौढांनी स्वतःसाठी केलेली खेळण्यांची खरेदी प्रथमच तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठीच्या खरेदीच्या पुढे गेली.

बाहुली घरी आली की पहिला प्रश्न खोक्याचा. काही जण ते कधीच उघडत नाहीत. दुसऱ्यांना बाहुली हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही आणि कौतुक वाटावं असं बरंचसं काम हेच लोक करतात. उदाहरणार्थ केस. बाहुलीचे केस विनाइलच्या पोकळ डोक्यात यंत्राने शिवलेले असतात आणि आतून गोंद लावून पक्के केलेले असतात. काही वर्षांनी हा गोंद टाळूच्या छिद्रांतून पाझरतो आणि केस चिकट, तेलकट होतात. संग्राहकांच्या बोलीत हे ‘ग्लू हेड’. टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर चोळून तो चिकटपणा तात्पुरता आटोक्यात येतो, कायमचा जात नाही. विस्कटलेले केस मात्र सुधारतात. सौम्य साबणाने धुवायचे, कंडिशनर लावून टोकांकडून वर अशा क्रमाने रुंद दात्यांच्या फणीने सोडवायचे, हव्या त्या वळणात गुंडाळायचे, उकळून नुकत्याच उतरवलेल्या पाण्यात काही क्षण धरायचे आणि मग गार पाण्यात. सरान किंवा नायलॉन या कृत्रिम धाग्यांचे केस उष्णतेने मऊ होऊन नवं वळण घेतात. पॉलिप्रॉपिलीनचे घेत नाहीत. स्वस्तातल्या बाहुल्यांचे केस बहुधा याचेच, ते एकदा पिंजले की संपलंच.

याच्याही पुढे जाणारे चेहराच पुसतात. अॅसिटोनने कारखान्यातला रंग काढून अगदी बारीक कुंचल्याने नवे डोळे, नवे ओठ रंगवायचे, हे ‘रीपेंट’. अमेरिकेत राहणारे नोएल क्रूझ यांनी कारखान्यात छापलेल्या चेहऱ्यांच्या जागी हाताने रंगवलेले इतके जिवंत चेहरे उभे केले आहेत की बाहुली पाहतोय हे विसरायला होतं.

जतन करायचं तर शत्रू ठरलेले आहेत. उन्हाने रंग विटतो. मऊ विनाइलमध्ये मिसळलेलं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येऊन पाय चिकट होतात आणि त्यावर धूळ बसते. जुन्या बार्बींचे धातूचे डूल काढले नाहीत तर कान हिरवे पडतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात यात बुरशीची भर. म्हणून बाहुली प्लास्टिकच्या पिशवीत आवळून ठेवू नये. धुतलेल्या जुन्या मलमलीत सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवावी. गडद रंगाचा झगा अंगावर वर्षानुवर्षं राहिला तर त्याचा डाग विनाइलमध्ये मुरतो आणि तो काढणं अतिशय कठीण, म्हणून मध्ये पातळ पांढरं कापड घालणारे शहाणे.

आपल्याकडे आज चाळिशीत असलेल्या अनेकींना ‘लिओ मॅटेल’ची साडीतली बार्बी आठवत असेल. त्या पिढीला आता राजकन्या हव्या आहेत, पण वाट सोपी नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झालं, २०२३मध्ये सत्तर. जानेवारी २०२१पासून भारतात विकायच्या खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं आहे. त्यामुळे मर्यादित आवृत्त्यांसाठी अनेकांची भिस्त अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांवर असते. सतरा इंची बाहुलीचं खोकं बॅगेची निम्मी जागा खातं, तेव्हा फोनवर आधी तेच ठरवावं लागतं: खोकं आहे तसं आणायचं, की बाहुलीला खोक्याशी बांधणारे टाके कापून ती कपड्यांत गुंडाळायची, खोकं उलगडून तळाशी घालायचं आणि प्रमाणपत्र पासपोर्टच्या पाकिटात.