कुत्र्याचा आजोबा? नाही, चुलत आजोबा!

आज सुरुवातीलाच एक चूक कबूल करतो. मागच्या एपिसोडमध्ये मी म्हणालो होतो, "कुत्र्याचा पूर्वज सापडलाय." जरा घाईच झाली माझी. आज नीट सांगतो.

प्राण्याचं नाव डोर्मालोसायन. बेल्जियममध्ये डोर्माल नावाच्या गावाजवळ त्याचे जीवाश्म मिळाले, सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीचे. आधी त्याच्या फक्त दोन दाढा माहीत होत्या. मग २०१४ साली ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी अडीचशेहून जास्त दात आणि घोट्याची हाडं तपासली. त्यात चक्क दुधाचे दातही होते.

आता तुम्ही म्हणाल, नुसत्या दातांवरून काय कळणार? बरंच काही! कुत्रा हाड चावताना बघा. तो ते तोंडाच्या कडेला नेतो. तिथे वरची एक आणि खालची एक दाढ कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर घासतात आणि मांस कापतात. मांजराच्याही त्याच दोन दाढा हे काम करतात. या कात्रीची सुरुवातीची रूपं डोर्मालोसायनसारख्या प्राण्यांमध्ये दिसतात.

घोट्याची हाडं सांगतात की हा झाडांवर राहायचा. वजन जेमतेम एक किलो. तेव्हा पृथ्वी आजच्यापेक्षा खूप उबदार होती, युरोपात दमट जंगलं होती. म्हणजे आपल्या दारात झोपणाऱ्या मोत्याचं खानदान झाडावरचं आहे, बरं का!

मग माझं चुकलं कुठे? डोर्मालोसायन या घराण्याच्या मुळाजवळचा आहे, पण तो बाजूची फांदी आहे. कुत्रा, मांजर, अस्वल, मुंगूस, सील हे सगळे दुसऱ्या फांदीवरून आले. त्यामुळे तो सख्खा आजोबा नाही, चुलत आजोबा. शिवाय त्याचे दात बघता या घराण्याची सुरुवात त्याच्याही आधी झालेली असणार.

हा फरक किरकोळ वाटेल. पण जुनं हाड मिळालं की "हाच पूर्वज" म्हणण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. खरं म्हणजे जीवाश्म नातं सांगतो, वंशावळीचा दाखला देत नाही.

तर पुढच्या वेळी "अमक्याचा पूर्वज सापडला" असा फॉरवर्ड आला, की आधी विचारा: सख्खा की चुलत?

भेटू पुढच्या एपिसोडला!