कचऱ्यावर उभं राहिलेलं रान

बदलापूरची फास्ट लोकल शीवला थांबत नाही. बदलापुरातल्या आमच्या बेलवलीहून निघालं की कुर्ल्याला गाडी बदलायची, शीवला उतरायचं आणि धारावी डेपोची वाट धरायची. डेपोसमोरच्या फाटकातून आत शिरलं की हॉर्नचा आवाज मागे मागे पडत जातो. हे महाराष्ट्र निसर्ग उद्यान, मिठी नदीकाठचं ३७ एकरांचं रान.

या रानाखाली मुंबईचा कचरा आहे. वर्षानुवर्षं इथे गाड्या रिकाम्या होत होत्या. ते थांबल्यावर इथे निसर्ग उद्यान करावं, ही कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडच्या भारतीय शाखेने मांडली. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या हस्ते झाड लागलं आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

मधल्या अकरा वर्षांचं मला फार अप्रूप वाटतं. कचरा पुरला म्हणजे संपला, असं होत नाही. तो आत कुजत राहतो, तापतो, मिथेन सोडतो, वरची जमीन बसत जाते. अशा जागी आधी मातीचा थर हवा, मग चिवट झाडं. त्यांचा पाला पडू द्यायचा, कुजू द्यायचा. पाल्याला झाडू लागला की माती उपाशी राहते. शहरातल्या किती बागा आपण रोज अशा उपाशी ठेवतो!

मागच्या खेपेला एका रुईपाशी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. पानाच्या कडेला काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी पान कुरतडत होती. बिबळ्या कडवा या फुलपाखराची. रुईचा विषारी चीक तिच्या अंगात मुरतो, म्हणून पुढे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. रुई तण म्हणून उपटली, तर ही अळी खाणार काय?

मिठीच्या बाजूला तिवरांची दाटी आहे. २६ जुलै २००५ ला हीच मिठी शहरात शिरली होती. उल्हास नदीचं पाणी दाराशी आलेलं पाहिलेल्या आम्हा बेलवलीकरांना नदीकाठची मोकळी जमीन म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक भूखंड रिकामा पडून आहे. राडारोडा, फुटक्या फरश्या, प्लास्टिक. यंदा त्यात टाकळा माजलाय आणि कडेला रुईची दोन झुडपं आलीत. परवा सकाळी दूध आणायला जाताना त्यांतल्या एका झुडपावर बिबळ्या कडवा बसलेला दिसला.