आधी ढाळ, मग रंग

वस्तीतला पदपथ मुलांसाठी सुधारायचा ठरला की स्वयंसेवकांचा पहिला ओढा रंगाच्या डब्यांकडे असतो. भिंतीवर फुलपाखरं, जमिनीवर लंगडीची घरं. एका सकाळीत काम डोळ्यांत भरतं. पहिल्या मोठ्या पावसात लंगडी चिखलाखाली जाते आणि दप्तरं पाठीला लावलेली पोरं पुन्हा गाड्यांच्या रस्त्याने चालू लागतात. या पोरांसाठी सुटीचा दिवस देणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच वाटतं, त्यांच्या घामाचं चीज व्हावं.

पदपथ बिघडतो तो पाण्यामुळे. मोरीचं सांडपाणी, गळका नळ, तुंबलेलं गटार. पाणी फरशीखाली शिरतं, खालचा मुरूम वाहून जातो, फरशी खचते, मग त्या खड्ड्यात राडारोडा येऊन पडतो. डोंगरउतारावरच्या वस्तीत तर पावसाचा लोंढा पायवाटेनेच खाली येतो. त्यामुळे आधी गटार मोकळं करायचं, मुरूम टाकून धुमसाने ठोकायचा आणि फरशी बसवताना गटाराकडे ढाळ द्यायचा. 50 ला 1 इतका ढाळ पुरतो, 1.8 मीटर रुंदीत एक कड दुसरीपेक्षा जेमतेम 3.6 सेंटिमीटर खाली. डोळ्याला तो कळतही नाही, पाण्याला कळतो.

1.8 मीटर हा आकडा इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांमधला. निवासी भागात निदान एवढी मोकळी रुंदी हवी, आणि कडेच्या दगडाची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. ती फूटभर झाली की तीन वर्षांचं पोर दोन्ही हात टेकून, रहदारीकडे पाठ करून वर चढतं. मोठ्यांच्या हे लक्षात येत नाही. 95 सेंटिमीटर ही तीन वर्षांच्या निरोगी मुलाची सरासरी उंची. नेदरलँड्समधल्या व्हॅन लीअर फाउंडेशनने त्यावरूनच आपल्या उपक्रमाचं नाव ‘अर्बन 95’ ठेवलं. पुणे, भुवनेश्वर आणि उदयपूर त्यात सहभागी झाली. कामाआधी मुलांबरोबर शाळेपर्यंत चालावं आणि उकिडवं बसून पाहावं: उभ्या गाडीमागून येणारी रिक्षा त्यांना दिसते का, चेंबरचं झाकण पायाखाली हलतं का.

पहार मात्र विचारल्याशिवाय मारू नये. खाली पाण्याच्या वाहिन्या आणि विजेच्या केबल असतात. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी आणि काम झाल्यावर देखभाल कोण करणार हेही तिथेच लिहून घ्यावं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या 21 व्या कलमाखालचा हक्क असल्याचं म्हटलं आहे. श्रमदानाने महापालिकेची जबाबदारी संपत नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न दुचाक्यांचा. त्या अडवायला खांब रोवले तरी चाकाच्या खुर्चीसाठी ठेवलेल्या फटीतून दुचाकीही आत येते. खांबांनी हा प्रश्न सुटत नाही. गाड्या लावायला दुसरी जागा ठरवावी लागते, आणि ती वस्तीतल्या लोकांनीच. गाडीवाले बहुतेक याच मुलांचे बाप, काका, मोठे भाऊ असतात. त्यांची बैठक रात्री, ते कामावरून परतल्यावर ठेवावी आणि पहिली फरशी बसण्याआधी ठेवावी.