पाणी शेंदण्यापासून पावसापर्यंत

चाळीस दिवसांची प्रार्थना : भाग ४

मागच्या भागात आपण शास्त्रवचन सावकाश वाचण्याची रीत पाहिली. एक उतारा घ्यायचा, दोनतीनदा वाचायचा, जिथे मन अडकेल तिथे थांबायचं आणि त्याच धाग्याने देवाशी बोलायचं. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. पहिल्या तीन आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. अडतं ते चौथीशी. बोलून झालं, मागून झालं, आता पुढे काय? बहुतेक जण इथे ‘आमेन’ म्हणून उठतात. उपवासकाळाच्या या आठवड्यात थोडं बसून राहायचं आहे.

बसून करायचं काय, याचं सर्वांत सोपं उत्तर आविलाच्या संत तेरेजाने (१५१५-१५८२) आपल्या आत्मचरित्रात दिलं आहे. मन ही बाग, आणि तिला पाणी देण्याच्या चार तऱ्हा. पहिली, विहिरीतून बादलीने शेंदणं. दुसरी, रहाट. तिसरी, ओढ्याचं किंवा नदीचं पाणी. चौथी, पाऊस. नगर जिल्ह्यातल्या वाचकाला हे फोडून सांगायला नको. शेंदताना हात भरून येतात आणि पाणी थोडं मिळतं. शब्द जुळवून, मन ओढून आणून केलेली प्रार्थना तशी असते. रहाटाला कष्ट कमी, पाणी जास्त. राहाता-श्रीरामपूरकडे पाटाला आवर्तन सुटलं की शेतकऱ्याला फक्त दारं धरायची असतात. आणि पाऊस? तो आपल्या कष्टाने येत नाही, हे पाथर्डी-जामखेडच्या माणसाइतकं कोणाला ठाऊक असणार!

तेरेजाचं म्हणणं नीट ऐकलं तर दोन गैरसमज फिटतात. ध्यानप्रार्थना म्हणजे मोठ्या साधकांनी करायचा अवघड प्रयोग, हा पहिला. खरं तर प्रत्येक टप्प्यावर आपलं करणं कमी होत जातं आणि देवाचं वाढत जातं. पद्धत बरोबर असली की अनुभव येणारच, हा दुसरा. पाऊस ही देणगी आहे. आपल्या हाती आहे ते वाफे तयार ठेवणं. विहीर कोरडी पडली तरी माळ्याने विहिरीवर जाणं सोडू नये, असंही ती बजावते. स्वतः तिने अनेक वर्षं अशी कोरडी काढली होती.

शेंदण्याच्या पुढचा हा टप्पा नगरच्या मंडळ्यांना नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ मध्ये सुरू झालं. ते मिशनरी ज्या काँग्रिगेशनल परंपरेतले, तिच्या प्युरिटन पूर्वजांनी उपवासकाळ पाळणंच सोडून दिलं होतं, आणि तिच्या उपासनेचा कणा होता प्रवचन. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नगर आणि राहुरीत राहिले, आणि त्यांनी या उपासनेत अभंग आणि भजन भरलं. आपल्याला ख्रिस्ताकडे तुकोबांनी आणलं, असं ते मानत. ज्या जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या माणसाला धृपद पुन्हा पुन्हा घोळवण्याचं वावडं कसं असेल? तेच शब्द दहाव्यांदा म्हणताना अर्थ शोधायची धडपड थांबते, आणि ज्याच्याविषयी गातो आहोत त्याच्यापाशी मन टेकतं. आजीबाई डोळे मिटून भजन म्हणतात तेव्हा रहाट सुरू झालेला असतो. त्याला ध्यानप्रार्थना म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं (१९२३) ते जॅक विन्स्लो यांनी. हे अँग्लिकन मिशनरी नगरला काम करत असत. १९२२ मध्ये त्यांनी काही भारतीय तरुणांसह ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला: खादी, साधं जेवण, सेवा, अभ्यास आणि प्रार्थनेला भरपूर वेळ. संघाचा आश्रम पुढे पुण्यात झाला. १९२७ मध्ये तिथे आलेल्या व्हेरियर एल्विन यांनी, पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या त्याच एल्विन यांनी, १९३० मध्ये ‘ख्रिश्चन ध्यान’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा आधार होता ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ हा चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज लेखकाचा ग्रंथ. त्या लेखकाचा सल्ला असा, की देवाला विचाराने गाठता येत नाही, प्रेमाने गाठता येतं. म्हणून एकच छोटा शब्द धरा आणि बाकीचं सोडा. नामस्मरणात वाढलेल्या मराठी माणसाला हे घरचंच वाटावं.

आता प्रत्यक्ष रीत. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. पण दोन खोल्यांत सहा माणसं असली, किंवा घर म्हणजे ऊसतोडीची कोपी असली, तर कुठलं दार लावणार? मार्कच्या पहिल्या अध्यायात येशूचीही हीच अडचण दिसते. संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं. तो पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला. तेव्हा पहाटेची ओसरी, शेताचा बांध, चर्चमधला मागचा बाक, काहीही चालेल. पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

वाचलेल्या उताऱ्यातला एक शब्द, किंवा नुसतं येशूचं नाव, मनात सावकाश म्हणत राहा. उसाचं बिल, मुलीची फी, काल झालेलं भांडण, सगळं आठवेल. त्याच्याशी झगडू नका. लक्षात आलं की नावाकडे परत या. वीस मिनिटांत वीसदा परतावं लागलं, तर वीसदा आपण देवाकडे वळलो, असंच समजा. मन शांत झालं तर शब्दही सोडून द्या. ते होत नसेल तर शब्द धरून ठेवा. दोन्ही प्रार्थनाच आहेत. शेवटी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणून उठा.

आपण देवाच्या जवळ गेलो का, हे ओळखायचं कसं? आत काय वाटलं यावरून नव्हे. तेरेजाची कसोटी शेजाऱ्यावरच्या प्रेमाची आहे. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय उपवासाचीही तीच कसोटी लावतो: जोखड मोडलं का, भुकेल्याला भाकरीतला वाटा दिला का? पहाटे ध्यान करून दिवसा मजुराची मजुरी अडवून ठेवली, तर ते ध्यान कुठेतरी चुकलं आहे. आणि प्रार्थना रुक्ष गेली, पण अबोला धरलेल्या भावाच्या घरी पाय वळले, तर बागेला पाणी पोहोचलं आहे.

या आठवड्यासाठी मार्क १, ओवी २९ ते ३९ घ्या. रोज तोच उतारा वाचा, बदलू नका. पुढच्या भागात ‘क्रुसाची वाट’ मंडळीबरोबर आणि एकट्याने कशी करावी, ते पाहू.