गडावरचा प्रत्येक गोळा शिवकालीन नसतो

पावसाळा ओसरला की मोबाइलवर एक फोटो फिरायला लागतो. तळहातावर गंजका लोखंडी गोळा आणि खाली ओळ: 'गडाच्या पायथ्याशी सापडलेला शिवकालीन तोफगोळा'. शेकडो लोक मुजरा करतात, पण गोळा मोजला का, तोलला का, हे कुणी विचारत नाही. गडांवर जीव असलेल्या माणसाला याचा राग यायला हवा.

मुळात प्रत्येक लोखंडी गोळा तोफेचा नसतो. सिमेंट कारखान्यात, खाणींत, औष्णिक वीजकेंद्रात माल दळायला फिरत्या पिंपात गोळे टाकतात. ते भंगारातून, वाहतुकीत सांडून कुठेही जाऊन पडतात. त्यांतला ९० मिलिमीटरचा गोळा घ्या. इंग्रजांच्या सहा पौंडी तोफेचा गोळाही जवळजवळ एवढाच, त्यामुळे डोळे हमखास फसतात. तराजू मात्र सहज फसत नाही. त्या मापाचा बिडाचा भरीव गोळा सुमारे २.७ किलो भरतो, पोलादी दळणगोळा ३ किलोच्या आसपास. गंजाने वजन घटतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. साच्याची शिवण दिसते का, ओतकामाच्या तोंडाची खूण आहे का, घासून सपाट झालेल्या बाजू आहेत का, हेही पाहावं. अशा सपाट बाजू गिरणीत झिजून येतात.

बरं, तोफगोळाच निघाला, तरी 'शिवकालीन' कशावरून? भरीव लोखंडी गोळा दोनशे वर्षांहून अधिक काळ जवळपास एकाच पद्धतीने ओतला जात होता. महाराज गेले १६८० साली. रायगडावर इंग्रजांनी तोफा डागल्या त्या १८१८ च्या उन्हाळ्यात, कर्नल प्रॉथरच्या वेढ्यात. तिथे मिळालेला गोळा या दोन्हींपैकी कोणत्याही काळातला असू शकतो, मधल्या काळातलाही. इंग्रजी वजनांचे तक्ते इथे फारसे कामाचे नाहीत, कारण आपल्या गडांवर पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज आणि देशी अशा सगळ्याच तोफा होत्या.

मग ओळख पटते कशी? मुख्यतः जागेवरून: कोणत्या थरात, किती खोल, शेजारी काय होतं. गोळा उपसून घरी आणला की ही माहिती कायमची जाते, आणि नंतर कितीही मोठा तज्ज्ञ आला तरी ती परत मिळत नाही. म्हणून असे गोळे शोधायला वापरतात ते मेटल डिटेक्टर हे यंत्रच वाईट आहे असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर (लढाई १८७६ ची) १९८३ मध्ये गवत जळालं. त्यानंतर डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर घेतलेले स्वयंसेवक रांगेत चालवले. जिथे यंत्र वाजलं तिथे झेंडी रोवली, प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर घेतली. काडतुसांच्या टोप्यांवरचे ठसे जुळवून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे गेली, हेही त्यांनी दाखवलं. तीच काडतुसं कुणी खिशात घालून नेली असती तर ती नुसती धातूची नळकांडी उरली असती.

बाकीचे समज थोडक्यात. जाड गंज म्हणजे जुनं, हे खोटं. खाऱ्या हवेत दहा वर्षांचा खिळाही ओळखू येत नाही. लोहचुंबक चिकटला म्हणजे खरा गोळा, हेही खोटं. दळणगोळ्यालाही तो चिकटतो. चपटी झालेली शिशाची गोळी माणसालाच लागली असेल असं नाही. शिसं मऊ असतं, दगडावर आपटलं तरी चपटं होतं. लिंबू किंवा ॲसिडने चकचकीत करणं म्हणजे उरलासुरला पुरावा धुऊन टाकणं.

'डिटेक्टर विकत घेतला, सापडेल ते माझं' हाही गैरसमज. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे.

'जुनी दारू केव्हाच मेली' हा समज मात्र जिवावर बेतणारा. कुलपी गोळा आतून पोकळ असतो, त्यात दारू भरलेली असते, आणि ती शतकानंतरही पेटू शकते. २००८ मध्ये व्हर्जिनियातल्या चेस्टर इथे अमेरिकी यादवी युद्धातला ७५ पौंडी गोळा साफ करताना स्फोट झाला आणि जुन्या गोळ्यांचा चांगला जाणकार असलेला माणूस ठार झाला. म्हणून गोळ्याला भोक किंवा बूच दिसलं तर हात लावू नका, घासू नका, गाडीत घालू नका. लांबून फोटो घ्या, जागा लिहून ठेवा, लोकांना दूर करा आणि पोलिसांना बॉम्बशोधक पथक पाठवायला सांगा. भोक दिसलं नाही, तरी ते गंजाखाली बुजलेलं असू शकतं.