लेखांक ४ : चौऱ्याण्णव आणि दोन

शुक्रवारी रात्री दहानंतर बंगळुरूत के. आर. पुरमच्या टिन फॅक्टरी थांब्यावर जरा रेंगाळून बघा. पाठीला सॅक, पायात नवे बूट, हातात वेफरची पाकिटं. कन्नड-तेलुगूच्या गलबल्यात मधेच ‘अरे, पॉवर बँक घेतलीस ना?’ असं पुण्या-नागपूरचं मराठीही कानावर येतं. टेम्पो ट्रॅव्हलर येतो, मंडळी चढतात आणि उजाडताना पश्चिम घाटाच्या पायथ्याशी उतरतात. २०२४ साली प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला. जोडून आलेल्या सुट्टीत हजारोंनी तिथला कुमारपर्वत गाठला. चिंचोळ्या पायवाटेवरची ती रांग मोबाईलवरून देशभर फिरली, आणि कर्नाटकाचे तेव्हाचे वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी ऑनलाइन नोंदणीची सोय होईपर्यंत अशा वाटांवरचे ट्रेक थांबवले.

त्या रांगेत कुणालाही विचारलं असतं तर ‘निसर्ग आवडतो’ हेच उत्तर आलं असतं. आणि ते खरंच असतं, गंमत तिथेच आहे. १९७२ मध्ये बिकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ५०० जणांना विचारलं, वाटेत पडलेला कचरा कुणी उचलायचा? ९४ टक्के म्हणाले, ज्याला दिसेल त्याने. ही माणसं बाहेर पडली तेव्हा वाटेत मुद्दाम टाकून ठेवलेला कचरा होता. तो उचलला २ टक्क्यांनी.

हे ९२ टक्के ढोंगी म्हणून निकालात काढता येत नाहीत. पॉल स्टर्न आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेली साखळी इथे उपयोगी पडते. निसर्गाला स्वतःचं मोल आहे, हे मूल्य मनात असून भागत नाही. ‘यामुळे काहीतरी बिघडतंय’ हे दिसावं लागतं, आणि ‘ते माझ्या हातात आहे’ असं वाटावं लागतं. मगच आतून ‘हे मी करायला हवं’ अशी टोचणी लागते. हजारांच्या गर्दीत नेमके हेच मधले दुवे निखळतात. माझ्या एका बाटलीनं असा काय फरक पडतो?

तिथे माणूस स्वतःच्या मूल्यांपेक्षा शेजाऱ्याकडे जास्त बघतो. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे पर्यटक खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी यांच्या गटाने वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘कृपया नेऊ नका’ या पाटीपाशी २ टक्क्यांहून कमी तुकडे गेले. ‘आजवर अनेकांनी तुकडे नेल्याने उद्यानाचं रूप बदललं आहे’ या पाटीपाशी जवळजवळ ८ टक्के! पाटीनं हळहळ व्यक्त केली. वाचणाऱ्यानं ‘सगळेच नेतात की’ एवढंच घेतलं. आपल्याकडे तळ्याकाठी, गडावर ‘पर्यटक फार कचरा करतात’ म्हणून त्रागा करणारे फलक लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मला मात्र जास्त काळजी वाटते ती खऱ्या निसर्गप्रेमींची. के. आर. पुरमहून पंधरा-एक किलोमीटरवर होसकोटेचं तळं आहे. थंडीत पाहुणे पक्षी उतरले की रविवारी पहाटे लांब लेन्सवाल्यांची गर्दी होते. यांना पक्ष्यांची नावं, पिसारे, सवयी सगळं पाठ असतं. यांच्यातला कुणी कचरा टाकताना मला दिसलेला नाही. पण चांगल्या फ्रेमसाठी आणखी दोन पावलं पुढे सरकण्याचा मोह यांनाच होतो, आणि पक्षी उडतो. उपद्रव बेपर्वाईतूनच होतो असं नाही, ओढीतूनही होतो. अशा माणसाला आणखी ‘जागरूक’ कसं करणार?

कुमारपर्वताच्या त्या गर्दीनंतर कर्नाटकानं पुढे ‘अरण्य विहार’ हे नोंदणीचं संकेतस्थळ काढलं आणि एका वाटेवर दिवसाला ३०० जणांची मर्यादा घातली. कुणाच्या मनात काय आहे याची चौकशी नाही, फक्त मोजणी. मला हे थोडं रूक्ष वाटतं, पण ३०० माणसांत आपली बाटली कुठे पडली हे निदान आपल्याला दिसतं.

पुढच्या आठवड्यात कोकणात, वेळासला जाऊ. तिथे कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा वाळूत एक साधी दोरी बांधलेली असते.